चाचणीआधीचं जेवण

कॅन्टीनची तपासणी असली की आदल्या दिवशी मॅनेजर स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून एकच निरोप द्यायचा, "काकू, उद्या साहेब येताहेत. म्हणालेत, माझ्यासाठी काही खास करू नका, रोजचंच ठेवा." एवढं बोलून तो पसार व्हायचा आणि काकू बाह्या सरसावायच्या. 'रोजचंच ठेवा' म्हणजे काय, हे त्या धंद्यातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. कढईतलं काळं पडलेलं तेल मोरीत जायचं. कपाटात पिशवीत घालून ठेवलेल्या टोप्या नि हातमोजे बाहेर यायचे. भिंतीचे पोपडे सुटलेला कोपरा रिकाम्या पिंपांआड दडायचा, भाजीत तेल निम्मं पडायचं. दुसऱ्या दिवशी साहेब चमचाभर भाजी चाखून, मान डोलवून, सही ठोकून जायचा. तो फाटकाबाहेर पडला की हातमोजे परत पिशवीत.

यात काकूंना काडीचंही खोटं वाटत नसे. त्या काही वाईट बाई नव्हत्या हो. अख्खा कारखाना त्यांच्या हातचं खाऊन कामाला लागायचा आणि त्यांच्या अन्नाने पोट बिघडलं असं कुणाच्या तोंडून कधी आलं नाही. पण साहेबासमोर जायचं तर तोंड धुऊन जायचं, ही रीत. काकू कधी नापास झाल्या नव्हत्या आणि त्याचा त्यांना रास्त अभिमान होता. हे पाल्हाळ आधीच लावलं ते उगाच नाही. पुढे त्यांच्या घरी जे झालं, त्यावरून नातेवाइकांत अजून दोन तट आहेत. एक म्हणतो मटणाने घात केला, दुसरा म्हणतो हिरव्या पाल्याने. दोघांनी भांडत बसावं खुशाल. घात केला तो या रीतीने.

काकूंचे यजमान फोटोंना चौकटी बसवायचे, म्हणून सगळे त्यांना फ्रेमवाले म्हणत. दुकान म्हणजे जिन्याखालची एक चिंचोळी खोली. भिंतीला टेकवलेल्या काचा, लाकडाच्या पट्ट्या, सरसाचा वास आणि एका माणसापुरतं स्टूल. माणूस अबोल, पण आतून मिश्कील. काचेने बोट कापलं तर ते तोंडात घालायचं आणि दुसऱ्या हाताने काम चालू ठेवायचं, अशी त्यांची तऱ्हा. जिना चढताना दम लागायला लागला तेव्हाही ते कुणाला काही बोलले नाहीत. शेवटी भर रस्त्यात खाली बसले, तेव्हा कळलं की हृदयाची एक झडप निकामी झालीय.

ऑपरेशन झालं, धातूची झडप बसली. घर शांत असलं की त्यांच्या छातीतून बारीक टकटक ऐकू यायची. काकूंनी ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा त्यांच्या काळजात धस्स झालं होतं, मग त्या सरावल्या. त्या झडपेवर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ करायची गोळी सुरू झाली, ती जन्मभराची. आणि सगळी मेख त्या गोळीत होती. ती कमी पडली तर गुठळी, जास्त झाली तर आतल्या आत रक्त वाहणार. मरण दोन्हीकडे. म्हणून दर काही आठवड्यांनी रक्ताची चाचणी करायची आणि तिच्यावरून डॉक्टर गोळीचं माप कमीजास्त करणार.

घरी सोडायच्या दिवशी काकूंनी डॉक्टरांना विचारलं, "यांना मटण द्यायचं का बंद करायचं?"

"तुमचं तुम्ही ठरवा," डॉक्टर म्हणाले. "मांस खाणारेही माझ्याकडे बरे होतात, न खाणारेही. पण ठरवलं की रोज तेच ठेवा. जेवणातल्या काही गोष्टींनी या गोळीचा जोर कमीजास्त होतो. ते खातात काय, हे धरून मी गोळी देणार. तेव्हा चाचणी आहे म्हणून काही खास करायला जाऊ नका, रोजचंच असू दे."

झालं. काकूंनी मान डोलवली. कुठल्या गोष्टींनी जोर कमी होतो, कुठल्यांनी वाढतो, हे विचारायला हवं होतं. पण साहेब बोलत असताना प्रश्न विचारायचा नाही, हो म्हणायचं आणि तयारीला लागायचं, हे त्यांच्या हाडीमाशी मुरलेलं. डॉक्टरांच्या तोंडून निघालेले शब्द त्यांनी जन्मभर ऐकले होते आणि जन्मभर ऐकले तसेच त्या दिवशी ऐकले. ती न विचारलेली गोष्ट आपण इथेच सांगून मोकळं होऊ: हिरवा पाला. पालक, कोबी, मेथी, असलं काही पोटात भरपूर गेलं की त्या गोळीचा जोर ओसरतो आणि रक्त घट्ट होतं. पाला बंद केला की तीच गोळी दुप्पट जोराने चढते. पाल्यात विष नाही, मटणातही नाही. आज हे नि उद्या ते, यात मात्र आहे.

घरी आल्यावर सल्ल्यांचा नुसता पाऊस पडला. आजारी माणूस घरात असला की दारावरून जाणाराही वैद्य होतो. पण खरे सल्लागार दोन, आणि दोघंही घरचे. एक लेक. ती दोन गल्ल्या पलीकडे सासरी राहायची, एका कार्यालयात हिशेब बघायची आणि वर्षापूर्वी तिने मांस, अंडी, दूध सगळं सोडलेलं. "आई, मटणाने रक्त घट्ट होतं, नळ्या तुंबतात," ती फोन काकूंच्या नाकासमोर धरून म्हणायची. फोनमध्ये पांढरा कोट घातलेला कुणीतरी तेच सांगत असायचा. "हिरवं खाल्लं की रक्त आपोआप पातळ होतं. बाबांना पालक दे, कोबी दे, पाल्याचा रस दे. मी स्वतः करून आणते."

दुसरे सल्लागार म्हणजे थोरले दीर. त्यांची व्यायामाची जिम होती आणि दंड अजून तरण्या पोरांना लाजवतील असे. "घासपूस खाऊन गुरं जगतात," ते दारातूनच सुरू व्हायचे. "छाती फाडून शिवलीय त्याची. मांस भरून यायला मांस नको? पालकातलं लोह अंगी लागतं तरी का? मटण द्या, हाडांचं सूप द्या." त्यांच्याही फोनमध्ये पांढऱ्या कोटातला एक जण होता. तो उलट सांगायचा आणि तितक्याच ठासून.

काकू त्या दोघांच्या मध्ये. लेकीचं खोटं म्हणावं तर ती रडवेली व्हायची, दिरांचं मोडावं तर ऑपरेशनच्या वेळी रात्रंदिवस उशाशी बसलेला माणूस. आणि खरं सांगायचं तर काकूंना दोघांचंही पटायचं. रक्त घट्ट व्हायला नको हे खरं, अंगात ताकद यायला हवी हेही खरं. त्यांना माणूस गमवायचा नव्हता, एवढी एकच गोष्ट त्यांना पक्की ठाऊक होती. मग त्यांनी दोन्ही डगरींवर हात ठेवला आणि वाटणी केली ती आपल्या धंद्यात शिकलेली. रोजच्याला मटण, म्हणजे ताकद येईल. चाचणीच्या आधीचा आठवडा हिरवा, म्हणजे रिपोर्ट चांगला येईल. लेकीला वाटायचं तिचंच चाललंय, दिरांना वाटायचं त्यांचंच चाललंय. फ्रेमवाले समोर येईल ते गुमान खायचे.

पहिला रिपोर्ट आला. रक्त हवं त्याहून घट्ट.

"बघ," लेक म्हणाली, "इतकी वर्षं खाल्लेलं मटण भोवतंय. अजून वाढव पाला." डॉक्टरांनी गोळी वाढवली. चाचणी संपली, म्हणजे साहेब फाटकाबाहेर पडला. घरात परत मटण शिजलं.

त्यानंतर फ्रेमवाल्यांच्या दंडावर पहिला डाग दिसला. जांभळा, तळहाताएवढा, कशाला आपटल्याचं आठवत नाही असा. मग मांडीवर एक. दात घासताना चूळ गुलाबी यायला लागली. दुकानात काचेने नेहमीसारखं ओरखडलं तर बोट तोंडात घालून भागेना; शेजारचा चावीवाला चिंधी घेऊन आला, ती चिंधी भिजली, दुसरी आणावी लागली. "अंगात रक्त उरलं नाही त्याच्या," दीर म्हणाले. "अशक्तपणाचे डाग आहेत ते. सूप वाढवा." काकूंनी सूप वाढवलं आणि पुढच्या चाचणीचा आठवडा जवळ आला तसा कोबी-पालकाचा ढीग घरी आणून टाकला. या खेपेला तर त्यांनी पैकीच्या पैकी मार्क आणायचं ठरवलं होतं. सकाळी रस, दुपारी पाला, संध्याकाळी पाला. फ्रेमवाले ताटाकडे बघून एकदाच म्हणाले, "अगं, मला शिंगं फुटली तर पुढच्या वेळी पेंड घाल." काकू हसल्या. घरातलं ते शेवटचं मनमोकळं हसणं असेल.

रिपोर्ट आला. रक्त पुन्हा घट्ट, पहिल्याहून जास्त. गोळी आणखी वाढली.

काकूंची झोप उडाली. इतकी तयारी करून नापास व्हायची त्यांची पहिलीच वेळ. काहीतरी चुकतंय हे त्यांना आतून जाणवत होतं, पण काय ते सापडेना. मग त्यांनी तेच केलं जे पोपडे सुटलेल्या कोपऱ्याचं करायच्या. सकाळी उशीच्या अभ्र्यावर हिरड्यांतल्या रक्ताचा डाग दिसला की अभ्रा उलटा घालायचा. लेक यायच्या वेळी फ्रेमवाल्यांना लांब बाह्यांचा सदरा द्यायचा. "पोरीला घोर नको," असं त्या त्यांना म्हणायच्या, आणि ते सदऱ्याची बटणं लावता लावता नुसते बघायचे. काकूंना ती नजर टोचायची आणि त्या ओट्याकडे वळायच्या.

तिसऱ्या चाचणीच्या दिवशी डॉक्टरांनी रिपोर्ट पहिल्यापासून दोनदा वाचला. मग त्यांनी फ्रेमवाल्यांच्या मनगटाशी बाहीखालून डोकावणारा डाग बघितला. "हे काय?"

"काचेची पेटी लागली," फ्रेमवाले म्हणाले.

"कागद सांगतो रक्त घट्ट आहे. तुमचा हात काही वेगळंच सांगतोय." डॉक्टरांनी खुर्ची काकूंकडे फिरवली. आवाजात राग नव्हता, पण धार होती. "जेवण रोज एकसारखंच आहे ना? मला खरं सांगा. चाचणीच्या आधी काही वेगळं खायला घालता का?"

हो म्हणावं असं काकूंच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण समोर साहेब, टेबलावर कागद, हातात पेन. त्यांचे हात आपोआप मांडीवर जुळले, तपासणीच्या साहेबासमोर जुळायचे तसे. फ्रेमवाल्यांनी ते बघितलं. बायकोला कुणी चारचौघांत बोललेलं त्यांना कधी खपलं नाही. या अबोल माणसाने घसा खाकरला आणि स्वच्छ आवाजात सांगितलं, "रोज तेच असतं, डॉक्टर. थोडं मटण, थोडी पालेभाजी. हिच्याइतकं नेटकं कुणी करणार नाही."

डॉक्टरांनी गोळी थोडी वाढवून लिहिली आणि दोन आठवड्यांनी परत यायला सांगितलं.

रस्त्यात काकू त्यांच्यावर उखडल्या. "का बोललात तसं? मी सांगणार होते."

"कधी सांगणार होतीस?" ते म्हणाले. "असू दे गं. इतक्या वर्षांत कधी नापास झाली नाहीस, आता माझ्यापायी कशाला."

काकू भाजीवाल्यापाशी थांबल्या, पुढे गेल्या, परत थांबल्या. त्या क्षणी मागे वळून दवाखान्याच्या पायऱ्या चढल्या असत्या तर ही कहाणी सांगायची वेळच आली नसती. मनात आलंही त्यांच्या. पण लाज मोठी अवघड गोष्ट असते बघा. पाय उचलूच देत नाही. उद्या जाऊ, एकटीच जाऊ, सगळं सांगू, असं त्यांनी ठरवलं. घरी मॅनेजरचा फोन आला. उद्या साहेब येताहेत. मग परवा जाऊ, असं ठरलं. आणि चाचणी झालेली असल्याने ओट्यावर मटण चढलं, पाला घरात नव्हताच.

परवाही गेल्या नाहीत. साहेबाने तारीख पुढे ढकलली, मग कॅन्टीनची गडबड आठवडाभर पुरली. फ्रेमवाले डोकं दुखतंय म्हणाले, तेव्हा काकूंनी कपाळाला बाम चोळला. त्यांचं अंग गार लागत होतं. "उद्या मात्र नक्की डॉक्टरांकडे," त्या म्हणाल्या. ते म्हणाले, "तुझी तपासणी होऊन जाऊ दे आधी." आणि दुकानात गेले.

साहेब नवं तेल बघत होता तेव्हा काकूंचा फोन वाजला. चावीवाला होता. "काकू, लगेच या. फ्रेमवाले काहीतरीच बोलताहेत." हातातले मोजे न काढताच काकू निघाल्या. साहेब काहीतरी विचारत होता, मॅनेजर हाका मारत होता, त्यांनी मागे बघितलं नाही. दुकानात ते स्टुलावर बसलेले होते, समोर अर्धी कापलेली काच. तोंड एका बाजूला ओघळलं होतं. काकूंना बघून ते बोलू लागले, पण शब्दाला शब्द लागत नव्हता. "चौकट पाणी दे तिला" असं काहीतरी, आणि आपण नीटच बोलतोय असा चेहरा. काकूंनी त्यांचा उजवा हात उचलून सोडला तर तो परत मांडीवर पडला.

इस्पितळात तेच डॉक्टर होते. मेंदूत रक्त उतरलंय, म्हणाले. रक्त इतकं पातळ कसं झालं? गोळ्या जास्त घेतल्या का? मागे लेक उभी होती, थोरले दीर उभे होते.

"गोळ्या बरोबर घेतल्या," काकू म्हणाल्या. "त्या दिवशी ते खोटं बोलले. मला बोलणं बसू नये म्हणून बोलले. चाचणीच्या आधी आठवडाभर मी नुसता पाला घालायचे, आणि चाचणी झाली की नुसतं मटण. दर वेळेला असंच केलं. तुम्ही नको म्हणाला होतात, तरी केलं."

डॉक्टरांनी नर्सला हाक मारली आणि दोघं आत धावले. मग मात्र त्या पॅसेजमध्ये जे ऐकू आलं ते ऐकवत नव्हतं. "तरी मी सांगत होते मटण बंद कर," लेक रडत म्हणाली. "तुझ्या त्या पाल्यानेच हे झालं," दीर म्हणाले. दोघं एकमेकांवर तुटून पडले, जणू आत कुणी नव्हतंच. काकू बाकावर बसून राहिल्या. हातमोजे अजून हातातच होते, ते एका आयाने येऊन हळूच काढून घेतले.

फ्रेमवाले वाचले. वाचले असंच म्हणायचं. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. बऱ्याच दिवसांनी नाकातली नळी निघाली तेव्हा जेवण ठरवून देणाऱ्या एक बाई खाटेशी आल्या. वयाने लहान, बोलायला गोड. "आता यांना तोंडाने द्यायला सुरुवात करू," त्या म्हणाल्या. "मऊ काहीही चालेल, पण रोज सारखंच. आवडीचं असेल तर गिळायचा हुरूप येतो. यांना काय आवडतं?"

"भाज्या," लेक म्हणाली. "मटण," त्याच दमात दीर म्हणाले. मग सगळ्यांनी काकूंकडे बघितलं. अख्ख्या कारखान्याला खाऊ घालणारी बाई, इतकी वर्षं संसार केलेली बायको. काकूंनी तोंड उघडलं आणि त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला ठाऊक नाही. ऑपरेशनपासून आजवर त्या घरात जेवणावरून इतका काथ्याकूट झाला, फोनमधले पांढरे कोट ऐकले, रिपोर्ट वाचले, पण जेवणाऱ्याला कुणी एका शब्दाने विचारलं नव्हतं. त्यांनीही नाही.

त्या खाटेवर वाकल्या. "अहो," त्या म्हणाल्या, "तुम्हाला काय खावंसं वाटतं?"

प्रश्न त्यांना कळला. डोळे लगेच उजळले, ओठ हलले. त्यांना नेमकं काहीतरी हवं होतं, आणि ते काय हे त्यांना पक्कं माहीत होतं. काकूंनी कान अगदी तोंडाशी नेला. घशातून एक आवाज आला, मग परत तोच आवाज. ते थांबले, श्वास घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगू लागले. काकू हो हो म्हणत ऐकत राहिल्या, आणि जेवणाच्या बाई पेन हातात धरून उभ्या होत्या.